सहलीला नेलेली अव्वा

माझ्या सासूबाईंना एकदा पळवून नेलं होतं, ही गोष्ट आम्हाला जवळजवळ तीन वर्षांनी कळली. तीही थिएटरात, भरल्या गर्दीत, मध्यंतर व्हायच्या आधी. तोवर आमच्या घरात त्या प्रकाराला 'अव्वाची सहल' म्हणत, आणि तिचे फोटो अल्बममध्ये माझ्या लग्नाच्या फोटोंच्या पुढच्याच पानावर लावलेले होते.

सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणायचं. तिचं माहेर शिरोळच्या खाली, अगदी हद्दीवरचं. त्यामुळे बोलणं मराठीत आणि रागावणं कन्नडमध्ये. मी समोर तिला अहो-जाहो करायची, पण आठवताना मात्र 'ती'च म्हणते. आमचं गाव उचगावच्या पलीकडे, घरची पिठाची गिरणी. सासरे लवकर गेले आणि गिरणी अव्वानं स्वतः चालवली. पट्टा घसरला तर चढवायची, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायलाही तिला कुणी लागायचं नाही. दळण टाकून बाया तिथं थांबायच्या आणि पीठ थंड होईतो घरातलं सगळं सांगून जायच्या. गावात कुणाच्या पोटात काय आहे हे डॉक्टरच्या आधी अव्वाला कळायचं.

मी कोल्हापुरातल्या पेठेत वाढलेली, बी.ए., बी.एड. झालेली, हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणारी. नागरिकशास्त्र हा विषय वीस मार्कांचा आणि शिकवणाऱ्याची किंमतही तेवढीच. पण मला तो मनापासून आवडायचा. ग्रामपंचायतीचा धडा मी तर असा शिकवायची की जणू दिल्ली आमच्याच चावडीवरून चालते.

नव्वदच्या दशकात पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या. गावातल्या एका आघाडीचे पुढारी होते, सगळे त्यांना नुसतं दादा म्हणत. त्यांना अशी एक बाई हवी होती जिला सगळं गाव ओळखतं आणि जी फार बोलत नाही. त्यातली पहिली अट अव्वात होती. गिरणीच्या आवाजात ती बोललेलं त्यांना कधी ऐकू आलं नसावं. अव्वा निवडून आली. अकरा सदस्य, त्यातले सहा आमच्या आघाडीचे, पाच समोरचे.

आमच्या भागात निवडून आल्यानंतर सहलीला जायची पद्धत. सरपंच तेव्हा सदस्यांतूनच निवडला जायचा, म्हणून निकाल लागल्यापासून सरपंच ठरेपर्यंत आघाडीनं आपले सदस्य गाडीत घालायचे आणि लांब कुठंतरी न्यायचे, म्हणजे समोरच्यांचा हात त्यांच्यापर्यंत पोचायला नको. गावागावांत हेच, घरोघरी मातीच्या चुली. कुणालाही यात वावगं वाटत नसे. उलट ज्याला नेत नाहीत त्याला वाईट वाटायचं.

दादांची हिरवी जीप दारात आली तेव्हा अव्वा नवीन इरकल नेसून तयार होती. बरोबर दोन दिवसांच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा. त्या आधी ती कुठं गेली असेल तर माहेर, जोतिबा आणि कोल्हापूरचा सरकारी दवाखाना. गल्लीतल्या बायांनी तिला कुंकू लावून पाठवलं. विधवा बाईला कुंकू लावताना कुणी आडकाठी केली नाही, इतका आनंद होता. मी तेव्हा नवव्या महिन्यात होते. "पंधरा दिस हायत अजून," माझ्या पोटाकडे बघून ती म्हणाली, "तवर आलो बग." आमच्याकडे बायकाही आलो-गेलोच म्हणतात.

बाळ पंधरा दिवस थांबलं नाही. तिसऱ्याच दिवशी मला कळा सुरू झाल्या. माझी आई आजारी, म्हणून हे दुसरं बाळंतपण सासरीच करायचं ठरलेलं, आणि ते अव्वाच्या भरवशावर. नवरा धावत दादांच्या घरी गेला. दादांचे बंधू म्हणाले, "कळवतो की लगेच. लॉजवर फोन हाय." मुलगी झाली. मी दवाखान्यात दाराकडे बघत पडून राहिले. अव्वा आली ती मुलगी झाल्यापासून चौथ्या दिवशी, थेट पंचायतीतून, कपाळाला गुलाल लावून. तिच्याकडून हात वर करून घेऊन, सरपंच ठरल्यावर मगच तिला बातमी सांगितली होती.

तिनं मुलीला मांडीवर घेतलं, दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "त्येंनी तरी काय करावं. कामच तसं हुतं." आणि सहलीच्या गोष्टी सुरू झाल्या. गोकर्णाचा समुद्र, लॉजमधला गरम पाण्याचा नळ, दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेला माणूस. तो माणूस तिला फार आवडला होता. देवळात जायचं झालं तरी बरोबर यायचा, चप्पल सांभाळायचा, इतका सेवेला. त्याला तिनं आपली चटणी खायला घातली होती. पुढं तीन वर्षं गिरणीत दळणाबरोबर ही सहल ऐकायला मिळायची. मी बाळंतपणातली बोच गिळून टाकली. म्हातारीच्या आयुष्यातला एवढा एक प्रवास, त्यात मीठ कशाला घालायचं.

पंचायतीत मात्र अव्वाचा भ्रमनिरास झाला. बाजाराच्या कोपऱ्यावर बायकांचा जुना संडास होता, पडलेला. भाजी विकायला बाहेरगावाहून आलेल्या बायांचे दिवसभर हाल व्हायचे. अव्वा दर मीटिंगला तो विषय काढायची आणि दर वेळी दादा म्हणायचे, "बघू की काकू." दादांना तिथं दुकानांचे गाळे काढायचे होते. विषय कधी कागदावर चढलाच नाही. अव्वा घरी येऊन पीठ चाळता चाळता कन्नडमध्ये काहीतरी बोलायची. मला शब्द कळायचे नाहीत, पण अर्थ कळायचा.

अशात आमच्या भागात एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं. शूटिंगचं आम्हाला अप्रूप नव्हतं. कोल्हापूरच ते, घरटी एखादा काका कुठल्यातरी सिनेमात पाटलाच्या मागं काठी घेऊन उभा राहिलेला असतोच. पण या सिनेमाला एक जीप हवी होती आणि ती गेली दादांची. सिनेमा लागला तसं सगळं गाव जीप बघायला कोल्हापूरला लोटलं. हिरोचं नाव कुणाला विचारलं तर सांगता येत नव्हतं, पण जीप किती वेळा दिसते हे पोरंठोरं बोटावर मोजून सांगत. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी अव्वाला घेऊन दुपारच्या खेळाला गेले. तिचा थिएटरातला तो पहिलाच सिनेमा असावा. खुर्चीवर ती मांडी घालूनच बसली.

सिनेमा अपहरणाचा होता. जिल्हा परिषदेत अध्यक्ष निवडायचा असतो, दोन्ही बाजूंची मतं सारखी, आणि एक नवखी बाई सदस्य, जिचं मत अजून ठरलेलं नाही. बाजारातून घरी निघालेल्या त्या बाईजवळ एक जीप येऊन थांबते. तोंड दाबून तिला आत ओढतात. थिएटरात आमच्या गावच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाईसाठी नव्हे, जीपसाठी. नंबर बदलला होता, पण मागच्या दाराचा पोचा तसाच होता. आणि त्या शिट्ट्या थांबल्या त्याच क्षणी अव्वा नेहमीच्या, गिरणीतल्या आवाजात म्हणाली, "ह्यातनंच मला न्हेलतं की."

पुढच्या-मागच्या चार ओळी हसल्या. मीही हसले. लाजून तिचा हात दाबला. ती हसत नव्हती.

पुढं त्या बाईला उसाच्या फडातल्या एका घरात ठेवतात. दाराबाहेर एक माणूस खुर्ची टाकून बसतो. तिचं पोर घरी तापानं फणफणलेलं असतं, निरोप येतो, आणि तो निरोप बाहेरच्या बाहेर दाबला जातो. मत पडेपर्यंत बाईचं मन विचलित व्हायला नको म्हणून. त्या दृश्याला अव्वानं माझं मनगट धरलं. तिच्या हाताला पट्टा ओढून ओढून घट्टे पडलेले होते, ते मला टोचत होते. ती पडद्याकडेच बघत होती. मला म्हणाली, "चौथ्या दिशी कळलं मला. चौथ्या." त्या दोन तासांत मी तिच्यावर जितकी माया केली तितकी त्याआधीच्या सहा वर्षांत केली नव्हती, हे खरं सांगते.

सिनेमा वाईट नव्हता. माझ्यातल्या नागरिकशास्त्राच्या बाईला तर तो फारच पटला. बाई नाहीशी झाल्यावर तिचा नवरा दोन्ही बाजूंशी रस्त्याच्या कामाची बोलणी करतो. पोलीस वरच्या फोनची वाट बघतात. पेपरवाले तिचा फोटो छापतात आणि खाली नवऱ्याचं मोठं नाव. राखीव जागेवर बाई आली म्हणजे सत्ता आली असं समजणाऱ्यांच्या कानाखाली दिग्दर्शकानं चांगलीच वाजवली होती. शेवटी एक प्रामाणिक तरुण इन्स्पेक्टर तिला सोडवतो, मोटारसायकलवर मागं बसवून भरधाव सभागृहात आणतो, आणि ती भ्रष्ट माणसाच्या विरोधात हात वर करते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर उभी राहून वाजवल्या.

बाहेर आल्यावर आम्ही भेळ घेतली. अव्वा खात खात म्हणाली, "त्या पोरानं तिला सोडिवली व्हय?"

"हो की."

"आनि हात कुनाच्या बाजूनं वर करायचा हे कुनी सांगितलं तिला?"

मी म्हटलं, "अहो, तो चांगला माणूस होता ना. दुसरा चोर होता."

"आसंल की. पर मोटारसायकलवर बशीवलं तवाबी तिला कुनी इचारलं न्हाय. एका गाडीतनं काडलं आनि दुसऱ्या गाडीवर घातलं." मग भेळेचा कागद नीट दुमडून ती म्हणाली, "हिला तोंड दाबून न्हेलं. मला कुक्कू लावून न्हेलं. मी आपला चटणी घिऊन निघालो."

एवढं बोलून ती स्वतःच हसायला लागली, आणि मग आम्ही दोघी भेळवाल्यासमोर उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. एस.टी.त बसल्यावर तिनं विचारलं, हात वर न करता मत देता येत नाही का. मी शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं: एका सदस्यानं जरी मागणी केली तरी गुप्त मतदान घ्यावं लागतं, चिठ्ठ्या द्याव्या लागतात. "एकानं बी?" तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मला तेव्हा फार अभिमान वाटला. स्वतःचाच.

दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. अव्वाला तिकीट द्यायची दादांची इच्छा नव्हती, पण गिरणीवरच्या बाया ऐकेनात. ती पुन्हा निवडून आली. पुन्हा आमचे सहा आणि समोरचे पाच. या वेळी सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. आमच्या आघाडीकडून दादांची सून, जी बिचारी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सोडत नव्हती. समोरून शिवणकाम करणारी एक बाई, नवऱ्यानं टाकलेली, तोंडानं तिखट आणि कामाला वाघीण. बाजारातल्या संडासाचा विषय तिनं प्रचारात उघडपणे घेतला होता.

तीन दिवसांवर निवड होती. दादा नवी गाडी घेऊन दारात आले. अव्वानं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "मी येत न्हाय. गुडघं दुखत्यात. त्या दिशी माज्या पायानं येतो चावडीत."

दादांचा चेहरा उतरला. पण माणूस मुरलेला, आवाज चढवला नाही. माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "मग पावणं, जबाबदारी तुमची." नवरा म्हणाला, "अव्वाची काळजी करू नका." गाडी गेल्यावर तो मला म्हणाला, तू तीन दिवस रजा टाक.

मी रजा टाकली. आजही हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो, पण त्या वेळी मला एकदाही वाटलं नाही की मी काही वाईट करते आहे. दादांशी वैर परवडणार नव्हतं, गिरणी गावात चालवायची होती, म्हातारीला कुणी बोल लावायला नको, असं मी मनाशी पक्कं केलं. शिवणकामवालीचा फोन आला, अव्वा समोर वाती वळत बसली होती आणि मी फोनवर सांगितलं, "त्या झोपल्यात." दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली, अव्वाची अर्धी शिवलेली चोळी घेऊन, माप घ्यायचं निमित्त करून. मी दारातच आडवी उभी राहिले. चोळी हातात घेतली आणि म्हटलं, निवड झाली की या. तिनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. आत अव्वा गहू निवडत होती. सुपाचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

ती बाई जाताना एवढंच म्हणाली, "बाई, माझ्या पोरीला तुम्हीच नागरिकशास्त्र शिकवता." मी दार लावून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण ही म्हण माणसाला दुसऱ्यांसाठीच आठवते. मी आत जाऊन अव्वाच्या शेजारी बसले आणि तिच्याबरोबर गहू निवडले. तीन दिवस मी तिच्याजवळून हलले नाही. तिला आवडते म्हणून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली, तिच्या गुडघ्यांना तेल चोळलं. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती.

निवडीच्या दिवशी ती खरंच चालत चावडीत गेली. बाकीचे पाच गाडीतून उतरले, गॉगल लावून, थोडे काळवंडलेले. मी खिडकीपाशी बायांच्या घोळक्यात उभी होते. तहसीलमधून आलेल्या अधिकाऱ्यांनी दोन्ही नावं वाचली आणि हात वर करायला सांगणार, तेवढ्यात अव्वा उभी राहिली.

"सायेब, मला गुप्त मतदान पायजे. कायद्यात हाय. एकानं मागितलं तरी द्याय लागतंय. माझी सून शिकिवती पोरास्नी."

सगळ्या चावडीनं खिडकीकडे, माझ्याकडे बघितलं. दादांनीही. अधिकाऱ्यांनी चिठ्ठ्या काढल्या. निकाल लागला: दादांच्या सुनेला पाच, शिवणकामवालीला सहा. बाहेर समोरच्यांचा गुलाल उडाला आणि आमच्या बाजूला सगळे मूग गिळून उभे राहिले. गाडीतून आलेल्या पाचही जणांनी तिथल्या तिथे जोतिबाची शपथ घेतली. अव्वाला शपथ घ्या म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "गुप्त म्हंजे गुप्त," आणि चप्पल घालून घरी निघाली. तिचंच मत फुटलं असं सगळ्या गावानं धरलं. ते खरं की गाडीतल्याच कुणाचं फुटलं होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. अव्वानं त्यानंतर दहा वर्षं, अगदी अंथरुणाला खिळली तरीही, ताकास तूर लागू दिली नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. नवरा न जेवता गिरणीत जाऊन बसला होता. मी चुलीपाशी भाकरी थापत होते आणि अव्वा भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "अव्वा, ती शिवणकामवाली आली होती तुम्हाला भेटायला. फोनही केला होता. मीच परत पाठवली. माझं चुकलं."

"म्हाईत हाय. मी काय भैरी हाय?"

"मग मला रागावला का नाहीत?"

ती गुडघे चोळत राहिली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवत नव्हतं. "तू माझ्या भल्यासाठीच केलंस. दादाबी आसंच म्हनतोय. पर तीन दिस माझ्या शेजारी बसलीस. माझं पाय चोळलंस. एकदा तरी इचारायचंस की, अव्वा, तुमच्या मनात काय हाय? मी सांगितलं आस्तं. दुसऱ्या कुनाला न्हाय, तुला सांगितलं आस्तं."

हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली. मी म्हटलं, "आता विचारते. सांगा."

"आता न्हाय," अव्वा म्हणाली. "आता ते माझं हाय."

आणि ताट पुढं ओढून, वाढ म्हणाली.